पाचवं पडणं

पीटरबरो, दक्षिण ऑस्ट्रेलिया
२ सप्टेंबर २०१९

प्रिय टॅम,

तू बरी असशील अशी आशा करते. पत्ता तुझ्या नाताळच्या कार्डाच्या पाकिटावरून घेतला. अक्षर वाकडंतिकडं दिसेल. उजवा हात आता कामाचा राहिला नाही, डाव्याने लिहितेय. एका बैठकीत चार-पाच ओळी होतात, म्हणजे हे पत्र पोस्टात पडायला आठवडा तरी जाईल.

इथे पाऊस नाही. उत्तरेचा वारा सुटलाय आणि खिडक्या लावल्या तरी धूळ आत येतेच. शेजारच्या व्हेराचा कुत्रा मेला. व्हेरा स्वतः ठीक आहे, तुझी चौकशी करते.

मला अपंगांच्या सरकारी योजनेतून मदत मिळायला लागली. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी तासभर बाई येते. विल्मा तिचं नाव. जेम्सटाउनहून गाडी हाकत येते, साठीची आहे आणि तोंडाने फटकळ. "ऊठ गं महाराणी, दरबार भरलाय," असं म्हणत पडदे उघडते. छताला रूळ लावून उचलायचं यंत्र बसवलंय. झोळीत घालून मला पलंगावरून खुर्चीत नेतात, दोन मिनिटांत. तू मला काखेत धरून उचलायचीस, तेव्हा तुझ्या पाठीतून कट्कन आवाज यायचा. तो मला ऐकू यायचा, टॅम. मी ऐकलं नाही असं दाखवायची.

हे सगळं मिळवायला तयारी फार करावी लागली. मला कशाकशाला मदत लागते ते तपासायला जानेवारीत ऑड्रा नावाची थेरपिस्ट घरी आली. तरुण पोरगी, पण कामाला चोख. ती म्हणाली, "लोरेल, चांगल्या दिवसाचं सांगू नका. सगळ्यात वाईट दिवस सांगा. अधिकाऱ्यासमोर 'भागतंय माझं' म्हणालात, की कागदावर तेवढंच जाईल."

तू घरात असताना कोणतं काम कोण करायचं, तेही तिला लिहून हवं होतं. उठवणं, लघवीची पिशवी बदलणं, अंघोळ, गोळ्या, स्वयंपाक, रात्री दोनदा कूस बदलणं. सगळ्या ओळींपुढे मी तुझं नाव लिहिलं.

ऑड्राने वाचून विचारलं, "या टॅमसिन म्हणजे नर्स होत्या का?"

"माझी मुलगी."

"किती वर्षांची होती तेव्हा?"

"सुरुवातीला अकरा."

 टाइप करताना 'अकरा' हा आकडा तिने पुन्हा एकदा विचारून घेतला. तुझे बाबा गेले, मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन माझे हातपाय लुळे पडत गेले, घरात दुसरं कोणी नव्हतं, हे सगळं मी तिला सांगायला लागले. ती म्हणाली, "ते लागणार नाही फॉर्मला."

फेब्रुवारीत मीटिंग झाली. डंकन नावाचा अधिकारी आला होता. त्याने विचारलं, "येत्या वर्षात काय साध्य करायचंय तुम्हाला?" मी म्हटलं, "वेळेवर संडासला जायचंय." त्याने तेही टाइप केलं.

हे मी सगळं लांबण लावतेय. आज सहा तारीख उजाडली आणि लिहायचं ते अजून लिहिलेलं नाही.

ऑड्राला माझ्या पडण्याची यादी हवी होती. पडलेल्या माणसाला मदत लवकर मंजूर होते. मला चार पडणी आठवत होती, ती मी तारखांसकट सांगितली. तिच्याकडे अॅम्ब्युलन्सची जुनी नोंद होती. ती म्हणाली, "आणि हे पाचवं? १३ नोव्हेंबर २०१४, गुरुवार, सकाळी. बाथरूममध्ये."

तारीख तुला सांगायला नको. अ‍ॅडलेडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तुझी मुलाखत होती, डिझेल इंजिनांचं काम शिकायला. तू सतरा वर्षांची होतीस. बूट घालून, केस बांधून दाराशी उभी होतीस. बस यायला वीस मिनिटं होती. व्हेरा संध्याकाळपर्यंत माझ्यापाशी बसणार होती, तू सगळं लावून ठेवलं होतंस.

मी पडले नव्हते.

नळाजवळची दांडी धरून मी हळूच खाली बसले. मग फरशीवर आडवी झाले, गाल टेकला आणि तुला हाक मारली. तेवढी ताकद तेव्हा माझ्या हातात होती. तू धावत आलीस. "आई, डोकं आपटलं का? हलू नकोस," म्हणालीस. मी म्हटलं, "कंबर मोडली बहुतेक." बस गेली त्याचा आवाज आपण दोघींनी ऐकला. दवाखान्यात काहीच निघालं नाही, तेव्हा तू म्हणालीस, "बरं झालं, काही मोडलं नाही." वर्कशॉपवाल्यांनी ती जागा दुसऱ्याला दिली. त्यावर तू मला एका शब्दानेही बोलली नाहीस. तीन वर्षं सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसलीस. मग एके दिवशी फ्रिजवर गोळ्यांचा तक्ता चिकटवून निघून गेलीस.

मला वाटलं होतं, एकदा अ‍ॅडलेडला गेलीस की तू परत यायची नाहीस. दुसरं कारण नव्हतं. तेव्हा मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

ऑड्रा विचारत होती, "हे पाचवंही धरू ना?" मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "धरा."

अर्जात तेच सगळ्यात वर आहे, कारण त्यालाच अॅम्ब्युलन्सचा कागद आहे. डंकनने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "सकाळची मदत तर हवीच." म्हणजे विल्मा माझ्या घरी येते ती तुझ्या त्या गुरुवारच्या जोरावर येते. एकदा मी तो तुझ्याकडून घेतला, आता त्याचीच किंमत पुन्हा सरकारकडून वसूल करतेय.

जुलैत एकदा सकाळी विल्माच्या गाडीपुढे कांगारू आला. तिला लागलं नाही, पण गाडी बंद पडली. तिच्या कंपनीत फोन लावला तर नुसती टेप वाजत होती. व्हेरा बहिणीकडे गेली होती. पावणेतीनपर्यंत मी तशीच ओल्या गादीत पडून होते. तुझा नंबर फोनमध्ये आहे. नाव काढलं, समोर धरलं. केला असता तर तू आली असतीस, अडीच तास गाडी चालवत, तोंड मिटून. म्हणून नाही केला. पावणेतीनला कंपनीची दुसरी बाई आली. मला पुसून, चादर बदलून ती निघून गेली.

पत्र लिहायचं कारण असं की येत्या फेब्रुवारीत माझ्या मदतीचा आराखडा पुन्हा तपासणार आहेत. घरचं कोणी मदत करील का, हे विचारायला ते तुला फोन करतील. मी 'नाही' लिहून दिलंय. तूही 'नाही' म्हण, कारण देत बसू नकोस. आणि त्या पाचव्या पडण्याचं विचारलं तर खरं काय ते सांग. मला वाचवायला खोटं बोलू नकोस. सकाळची मदत बंद झाली तर झाली, ते माझं मी बघेन. मी स्वतः त्यांना सांगायला हवं होतं. दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. मी तशीच आहे, टॅम.

उत्तर दे म्हणत नाही. हे पत्र विल्माच्या हाती देतेय, पाकीट चिकटवून. तिने विचारलं, "कोणाला गं?" मी म्हटलं, "मुलीला." ती म्हणाली, "मुलगी आहे तुला? कधी बोलली नाहीस."

दर वेळी मी खाली 'तुझी आई' असं लिहायचे. या वेळी तो हक्क मी गृहीत धरत नाही. म्हणून नुसतं नाव.

लोरेल पास्को