भाऊंच्या फोनला पटलेला चेहरा

ती. हेमलता वहिनींस, जळगावहून सोललेल्या तोंडाच्या धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (वाकलं की गाल तडतडतात, तेव्हा नमस्कार मापातच समजावा.) धुळ्याच्या हवेत गुडघे बरे असतील.

आधी तक्रार. माझ्याच पैशांनी घेतलेल्या फोनने मला ओळखायचं सोडलं आहे. तोंड समोर धरलं की थरथरतो आणि 'चेहरा जुळत नाही' म्हणतो. आमची हीसुद्धा अधूनमधून हेच म्हणते, पण निदान दार उघडते.

कारण पोरीचं लग्न. वधुपिता फोटोत उजळ दिसावा म्हणून मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. आठवड्यात उजळलो आणि हाव सुटली. रात्री ट्यूब, सकाळी लिंबू, दुपारी घासणी (तोंडाची, भांड्यांची नव्हे, असा माझा समज आहे). शेवटी पापुद्रे सुटले, नुसतं पाणी लागलं तरी मिरची चोळल्यासारखी आग. डॉक्टर ऋतिका म्हणाली, "काका, चामडीचं कुंपण तुम्ही स्वतःच्या हाताने उपटलंय. ट्यूब, लिंबू, साबण, सगळं बंद. हे साधं मलम लावा, उन्हात रुमाल बांधा, आणि दोन महिने आरशाशी भांडू नका."

पण पंचाईत आरशाशीच आहे. भाऊंचं तोंड आठवा: चोपड्याला केळीच्या वजनकाट्यावर बिनटोपीचं उभं राहून कायम लाल, नाकावर पापुद्रे. भाऊ जाऊन वर्ष होत आलं, आणि ते तोंड आता माझ्या आरशात असतं. काट्यावरचा त्यांचा सोबती जीवराम परवा एसटी स्टँडवर दिसला. हातातली पिशवी सोडून हळूच म्हणाला, "भाऊ, तू शेस?" मी धाकला म्हणून सांगितलं. तरी तो माझ्याकडे पाठ न करता, मागे मागे चालत गेला.

भाऊंचा फोन उघडून आणायला तुम्ही माझ्याकडे दिला होता. दुकानदार म्हणाला, उघडेल, पण आतलं सगळं पुसलं जाईल. म्हणून तो कपाटावर चार्जिंगला पडून होता. काल चष्मा शोधताना त्याच्यावर वाकलो. तो उजळला आणि उघडला. थरथरलासुद्धा नाही.

आत भाऊंचा आवाज. शेतकऱ्यांना रोज सकाळी पाठवायचे ते केळीचे भाव: "आज बठ्ठा माल कच्चा शे..." आणि मध्येच, कोणालाच न पाठवलेलं: "हेमा, चहा व्हयना का?"

थोड्या वेळाने ही दोन कप घेऊन आली. दोन कशाला, विचारलं. "भाऊंनी मागितला ना," म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून तिथेच बसली. त्या कपाला कोणी हात लावला नाही. संध्याकाळी त्यावर जाड साय धरली होती.

एकंदरीत काळजीचं काही नाही. येण्याची तसदी घेऊ नये.

आपला,
वना

ता.क. मलम अजून उघडलेलं नाही. कुंपण भरून आलं की तो फोन मला परका समजणार. रविवारी पहिल्या एसटीने याच. मी तोंड दाखवून फोन उघडतो, तुम्ही पोटभर ऐका. (माझ्याकडे बघायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.) सोमवारपासून मलम.

आणखी ता.क. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे-पापड भरून पाठवलेला तुमचा डबा आमच्याकडेच राहिला होता, तो धुळ्याला निघालेल्या शेजारच्या हितेंद्रसोबत पाठवतो आहे. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून आत रुमालात मेमरी कार्ड ठेवलं आहे. भाऊंचं ते एकच वाक्य त्यात उतरवता आलं. ऐकण्याआधी चहा ठेवा.