चालकाचं नाव

७ ऑक्टोबर, सोमवार

गंगाखेडला पोचलो. नांदेडहून येताना गाडीत खिडकीची जागा मिळाली, तेव्हाच वाटलं, ही नोकरी आपल्याला लाभणार. खोली झकास आहे. खाली मालकीणबाई चांगुणाबाई, वर मी. आल्या आल्या त्यांनी ज्वारीची भाकरी वाढली, ठेचा वाढला आणि जेवण होईपर्यंत माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून घेतली.

काम सोपं आहे. गावाबाहेरच्या साखर कारखान्याच्या चौसष्ट वाहनांना जीपीएसची डबी बसवायची. डॅशबोर्डामागे तीन वायरी जोडल्या, की वाहन कुठे आहे ते मोबाईलच्या नकाशावर दिसतं. चालू असेल तर ठिपका हिरवा, उभं असेल तर लाल. गाळप सुरू व्हायच्या आत यादी पूर्ण केली तर कंपनी मला कायम करणार, मग बायकोला, सुकेशनीला, इकडे आणायचं. तिला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, आधी खोलीत पंखा आहे का ते सांगा.

९ ऑक्टोबर, बुधवार

सव्वीस झाली. ट्रॅक्टरवाले माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांच्या घरची झडती घ्यायला आलोय. महारुद्र म्हणून एक चालक आहे, त्याने विचारलं, "साहेब, घरी जेवायला गेलो तरी दिसायलंय का?" मी म्हटलं, भाजी कोणती होती तेही दिसतं. तो डबा उचलून दुसऱ्या ट्रॅक्टरमागे जाऊन जेवला.

यार्डाचा वॉचमन हरिओम मात्र न सांगता पाणी आणतो, चहा आणतो. राणीसावरगावचा आहे. इतका गोड का वागतो, ते बघायला हवं. सुकेशनी म्हणते, मी दुधवाल्याच्या मापातही बोट बुडवून बघणारा माणूस. असेन. संशय घेतला की फसगत होत नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

त्रेसष्ट झाली. उरलेलं एक यार्डामागे बाभळींत उभं आहे, ताडपत्रीखाली. ऊस तोडणारं हार्वेस्टर. हरिओम आडवा आला. "तिला नगा लावू साहेब. ती रामची हाय." राम तिचा चालक होता. गेल्या हंगामात अडकलेला ऊस काढायला वाकला, तो आतच राहिला. नंतर तिच्यापुढे बन्सीधर नावाच्या चालकाचं नाव लागलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या अंगणात सापडला, "पिळून टाकलेल्या चिपाडागत," असं हरिओम म्हणाला.

आमच्या घरात भूतखेत या विषयाला आजोबांच्या काळापासून बंदी आहे. मी हसलो. वाहन विभागाचे साहेब दिनकरराव म्हणाले, यादीत आहे ना, मग बसवा. मशीनची बॅटरी काढून ठेवलेली आहे, पण डबीत स्वतःची छोटी बॅटरी असते. ती बसवली. मग अॅपने चालकाचं नाव मागितलं. तो रकाना रिकामा चालत नाही आणि कामावर असलेल्याच माणसाचं नाव घेतो. एकही चालक नाव देईना. शेवटी वैतागून माझं टाकलं. सिद्धोधन. यादी पूर्ण!

१२ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी बुद्धविहारात वंदना करून यार्डात गेलो. दसऱ्यामुळे सगळ्या ट्रॅक्टरांना झेंडूचे हार. मागच्या मशीनला मात्र फूलही नाही.

दीड वाजता मोबाईल बघितला, तर हार्वेस्टरचा ठिपका हिरवा. ताशी नऊ किलोमीटर वेगाने गावाकडे निघालेला. अर्ध्या वाटेवर थांबला आणि परत फिरला. मी धावत मागे गेलो. मशीन जागेवर, चाकांना वेढलेलं गवतही मोडलेलं नाही. म्हणजे कुणीतरी डबी काढून फिरवून आणली. डबीच्या टेपवरची माझी सही शाबूत आहे, पण करणारा काय वाट्टेल ते करतो. यार्डात दिवसभर कोण असतो? हरिओम.

१३ ऑक्टोबर, रविवार

दुपारी ठिपका आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मी खिडकीतून बघत होतो. गल्लीत एक शेळी होती, बस्स. खाली आलो तर पायरीवर उसाच्या वीतभर कांड्या, ताज्या, रस गळत असलेल्या. चांगुणाबाई माझ्यावरच ओरडल्या. कोयत्याने असे तुकडे होत नाहीत, हे मशीनचे. आणि तोडणी तर अजून कुठेच सुरू नाही.

हरिओमला फोन केला. तो म्हणे गेटवरच आहे. वर विनवणी, "तुमचं नाव काढा साहेब, पाया पडतो." याला माझी एवढी काळजी कशाला?

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी दिनकररावांकडे तक्रार केली. त्यांनी हरिओमला आठ दिवस घरी बसवलं. एक वाजता राणीसावरगावच्या गाडीत बसताना मी स्वतः बघितला.

पावणेदोनला ठिपका माझ्या दारात. म्हणजे साथीदार असणार, असं म्हणत मी कडी लावली. दाराच्या फटीतून कच्च्या उसाचा ओला वास आला. बाहेर टिक टिक आवाज. तापलेलं इंजिन थंड होताना करतं तसा.

मला भीती वाटली. लिहायला लाज वाटते, पण वाटली. रकान्यातलं नाव काढता येत नाही, बदलता येतं. मी हरिओमचं टाकलं; आठ दिवस घरी बसवला, तरी कारखान्याच्या यादीत तो होताच. दुसरं सुचलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग होता त्याच्यावर.

ठिपका वळला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

ठिपका राणीसावरगावच्या रस्त्यावर. अर्ध्या वाटेवरून परतला. मशीन जागेवरच.

डबी उपटून आणली, फोडली. तिचे तीन तुकडे टेबलावर पडले आहेत. मोबाईलमध्ये ठिपका तसाच दिसतो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

ठिपका हरिओमच्या गावात शिरला. फोन लावला. त्याच्या बायकोने, बायनाबाईने उचलला. रडत होती. पायरीवर उसाच्या कांड्या पडल्यात. "ह्यान्ला लय ताप हाय. माजं नाव कुनी घातलं, इतकंच इचारायलेत."

फोन ठेवला.

रामचं नाव टाकून बघितलं. घेत नाही. मग बाकीची यादी उघडली. महारुद्र. त्याला तीन मुली — पुढचा — ज्याच्या नावावर बोट नेलं त्याचा चेहरा समोर आला. मोबाईल पालथा ठेवला.

आज दुसरा दिवस. उद्या —

१७ ऑक्टोबर, गुरुवार

बारा पन्नास. हिरवा.

दोन वाजता. राणीसावरगाव चार किलोमीटर. बायनाबाईचा फोन. ते कुणालाच ओळखीना झालेत म्हणे.

नाव बदललं. माझं टाकलं.

थांबला. वळला.

वेळ आहे. नांदेडची गाडी मिळेल — नको. मग मशीन तिकडेच येईल. तिथे सुकेशनी —

चांगुणाबाईंना त्यांच्या बहिणीकडे पाठवलं. कारण सांगितलं नाही.

बायनाबाईचा पुन्हा फोन. उठून बसलेत, भाकरी मागायलेत. मी रडलो. बरं वाटलं.

तीन दिवस मिळतील वाटलं होतं. ठिपका कुठेच थांबत नाही.

ताशी नऊ नाही आता. चाळीस. नव्वद —

गल्ली.

जिन्यावर कांड्या पडतायत. एक — एक —

दिनकरराव, ही वही मिळाली तर हरिओमला कामावर परत घ्या. त्याने काहीही केलं नव्हतं. तो विचारत होता ना, नाव कुणी घातलं. त्याला सांगा, सिद्धोधनने. रागाने घातलं. आणि सांगा की आज मीच ते बदलून माझं —