पऱ्हाटीचा पत्रा

समुद्रपूर

आदेशदादा,

बाबा जिंकले. कापूस येचल्यावर उरलेल्या पऱ्हाटीच्या सालीचे धागे प्लास्टिकमध्ये दाबून त्यायनं बनवलेल्या पत्र्याचं पेटंट तुह्या कंपनीनं स्वतःच्या नावानं घेतलं होतं. ते काल रद्द झालं.

सुनावणीत कंपनीचा वकील हसला. "दहावी नापास शेतकऱ्यानं हे शोधलं?"

मी उठली. "हो साहेब. तुमच्या अर्जाच्या चार वर्षं आधी हा पत्रा गिरडच्या शाळेच्या सायकलस्टँडवर बसला. हा पेपरातला फोटो, तारखेसकट."

मंग अधिकाऱ्यानं बाबाले विचारलं, "कंपनीले याची कृती कोणी दिली?"

मी तुहं नाव घेणारच होती. कृतीची वही तूच नेलती, दादा. पण बाबानं माहा हात दाबला अन् ताठ उभे राह्यले.

"साहेब, पत्रा माहा आहे, इतकंच लिहा. बाकी आमच्या घरचं आहे."

परत येताना मी बसमध्ये चिडून विचारलं, "त्याले काऊन वाचवलं?"

"मी पत्र्यासाठी गेलतो. पोराले हरवाले नाई."

म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकत नाई. जे बाबानं झाकलं, ते मी तुह्यापुढंबी उघडं करणार नाई. पण या माणसाची लेक असल्याचा मले आज लय अभिमान आहे, अन् तो कागदावर तरी लिहाचा होता.

तुही बहीण,
वर्षाली