थंड चुलीवरचा भात

मी, मेलेल्या जनावरांत भुसा भरून त्यांना पुन्हा उभं करण्याचा धंदा वडिलांकडून शिकलेली आणि हात थरथरू लागेपर्यंत केलेली बाई, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरांनी केली आहे. मुलाला तरीही शंका असेल तर ती त्याने आपल्याजवळच ठेवावी.

एक. राहतं घर आणि पुढचं दुकान मुलाला. छप्पर गळतं. गेली कित्येक वर्षं तो "बघतो" म्हणतोय. आता स्वतःच्या डोक्यावर गळेल तेव्हा बघेल.

दोन. माझ्या सुया, सुऱ्या आणि काचेच्या डोळ्यांचा डबा मुलीला. ती हा धंदा करणार नाही, ठाऊक आहे. पण लहानपणी ती त्या डोळ्यांनी गोट्या खेळायची. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी-निम्मी. यजमान वसतिगृहात स्वयंपाकी होते, त्यांचं मोठं पातेलं सुनेला.

तीन. मागच्या खोलीतला भरलेला वाघ आहे तिथेच राहू द्यावा. रस्ता रुंद झाला त्या वर्षी हा ट्रकखाली आला. संग्रहालयासाठी मी तो भरला आणि संग्रहालय बंद पडल्यावर सरकारी परवानगीने माझ्याकडेच राहिला. भरलेल्या जनावराची नजर दाराखिडकीकडे ठेवायची नाही, असा वडिलांचा दंडक होता. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. मी मात्र कसर लागली तर उजेडात दिसावी म्हणून त्याला खिडकीकडे तोंड करून उभा केला. त्यानंतर घरात वास येऊ लागला.

ताज्या भाताचा वास. चूल थंड, भांडी पालथी, आणि घरभर भात शिजत असल्यासारखं. यजमान नुकतेच वारले होते. सून पांढरीफटक पडून म्हणाली, "आई, बाबा आलेत. भात लावलाय त्यांनी." मुलगा हसला, पण तेव्हापासून तो त्या खोलीत एकटा जात नाही. मी गप्प राहिले. घाबरलेली माणसं घरामागच्या रानात शिरत नाहीत, आणि मला तेच हवं होतं.

आता सांगते. वाघ हद्दीवर मुताची पिचकारी मारतो, तिला शिजत्या भातासारखा वास येतो. कातडी हाताळणाऱ्या आम्हा लोकांना तो ओळखता येतो. आमच्या मागच्या भिंतीला तो वास आहे. ओल्या मातीत पंजे उमटतात, ते खोलीतल्या वाघाच्या पंजापेक्षा लहान. ती मादी आहे. काचेवर बाहेरून श्वासाचे डाग पडतात, नेमके त्याच्या तोंडासमोर. ती त्याच्यासाठी येते, की मी विधवा म्हणून मला तसं वाटतं, देव जाणे.

चार. मागचं रान. मुलाने गोदामासाठी गिऱ्हाईक आणलंय. मला म्हणाला, "आई, वाघ कुठाय? कोणी पाहिलाय?" अरे, कोणाला दिसत नाही म्हणून तर जिवंत आहे. डोंगरातलं आणि नदीकाठचं जंगल एवढ्या एका पट्टीने जोडलेलं आहे. ती तुटली तर तिला रस्त्यावरून जावं लागेल, आणि रस्त्यावरून गेलेला माझ्या टेबलावर कसा आला ते मी पाहिलंय. ती गेली की हरणं एक रोपटं वाढू देणार नाहीत. मग झाडं जातील, त्यांच्यामागे नदी आणि आपली विहीर. कातडं मला भरता येतं, रान भरता येत नाही. नातवंडांना फक्त माझ्या हातचा वाघ दिसेल, याची मला फार भीती वाटते. म्हणून ही पट्टी मुलीच्या नावे. विकू नये, कुंपण घालू नये, दिवा लावू नये.

पाच. माझ्यामागे तो वास आला तर चुलीकडे धावू नका. मागचं दार उघडू नका. ते बाबा नव्हेत. ज्या दिवसापासून वास येणार नाही, त्या दिवसापासून मात्र खुशाल घाबरा.

जादा नोंद: सही झाल्यावर पेनाला टोपण लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "बाई, भात कोणासाठी टाकलाय?" साक्षीला आलेल्या शेजारच्या शिंप्यांनी आत जाऊन चुलीला हात लावून पाहिला. थंड होती. ते परत आले तोवर खिडकीची काच बाहेरून धुरकट झाली होती. मी उठून दाराला आतून कडी घातली. ही नोंद दोघांच्या साक्षीने केली आहे.

साक्षीदार: डॉक्टर (सही), शेजारचे शिंपी (सही)
लिहून देणार: घरमालकीण (सही)
ठिकाण: मागची खोली, दार आतून बंद
दिनांक: बारा मार्च, भर दुपारी