दोन दाबल्यावर

१४ जुलै

प्रिय आई,

नमस्कार. मी बरी आहे. नवी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, उजेड चांगला येतो. शेजारी कोण राहतं ते अजून माहीत नाही. वेळेवर जेवते. काय जेवते ते विचारू नकोस.

क्षयाच्या रुग्णांना रोज सकाळी गोळ्यांची आठवण करायला रेकॉर्ड केलेला फोन जातो, ते काम आमचं, हे तुला ठाऊक आहे. आवाज माझा आहे हे तू पहिल्याच दिवशी ओळखलंस, असं तुझ्या दवाखान्यातल्या नर्सताई म्हणाल्या. आवाज द्यायला ऑफिसात दुसरं कोणी तयार होईना. पंख्याची घरघर येऊ नये म्हणून मी डोक्यावरून चादर घेऊन ते बोलले होते. गोळ्या घेतल्या तर एक दाबा, नसतील तर दोन.

गेला आठवडाभर तू दोन दाबत होतीस. माझ्या स्क्रीनवर तुझा नंबर लाल झाला. असे नंबर डॉक्टरांकडे जातात आणि ते औषध बदलायचं ठरवतात. ते औषध फार कडक असतं, तुला झेपलं नसतं. म्हणून मी नर्सताईंना घरी पाठवलं.

त्यांनी रिकाम्या पट्ट्या तपासल्या. एकही गोळी चुकलेली नव्हती.

"मग दोन का दाबता, मावशी?"

"एक दाबलं की 'छान' म्हणते आणि ठेवून देते. दोन दाबलं की जरा विचारपूस तरी करते."

नर्सताई हे हसत सांगत होत्या. मी म्हटलं, नोंद दुरुस्त करते. केली.

दोननंतरचे प्रश्न मीच लिहिलेत. मळमळतं का, भूक लागते का, घरी सोबतीला कोणी आहे का. शेवटच्याला तू काय उत्तर देतेस ते मला रोज दिसायचं.

"लागण होईल, इकडे फिरकू नकोस," असं तू म्हणालीस आणि मी लगेच ऐकलं. एरवी कधी ऐकलंय मी तुझं? पुढे धोका टळला, तेही मला तुझ्याआधी कळलं होतं. तरी आले नाही. सकाळी तुझा आकडा उमटला की आपलं बोलणं झालं, असं धरून चालले.

आता खरं तेच दाब, डॉक्टरांना फसवू नकोस. हे पत्र मिळेल त्या दिवशी नर्सताई मला कळवतील, आणि संध्याकाळी मी फोन करीन. त्यात बटणं नाहीत. विचारायचं ते विचार, मी काय जेवले तेसुद्धा. या वेळी ठेवायचा तू.

तुझी,
आधी फोन ठेवणारी