कोटाची उलटी बाजू

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? व्यायाम करतेस, की डॉक्टरांना नुसता होकार देऊन घरी येतेस?

आमच्या संग्रहालयात युद्धाचं नवं दालन उघडतंय. जुने लष्करी कोट साफ करून मांडायचं काम माझ्याकडे आहे. मधल्या कोटाखाली ‘मातृभूमीच्या अनाम सुपुत्राचा कोट’ अशी पाटी लागणार. काल तो झाडताना मी चमकलेच. बटणं डावीकडे, काजं उजवीकडे! असं तर बायकांच्या कपड्यांना असतं. म्हणजे कुणी बाई लढली आणि कुणाला पत्ताच नाही! साहेब म्हणतात, पुरावा आणा. युद्धात तू लष्कराच्या शिवणखान्यात होतीस. बायकांसाठी कोट शिवले होते का गं? मला झोप नाही. लगेच लिही.

तुझीच,
चौकशीबाई

दि. ९ फेब्रुवारी

चि. चौकशीबाईस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे. तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसले, मग हसू थांबलं.

अगं, तो उलटवलेला कोट आहे. नवं कापड संपलं होतं. शत्रूच्या कैद्यांचे, मेलेल्यांचे कोट गाड्या भरून यायचे. आम्ही बायका ते उसवायचो, रंगवायचो आणि कापडाची आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचो. तसं केलं की डावा भाग उजवीकडे जातो, काजंही त्याच्याबरोबर जातात. आपला जवान शत्रूच्या कोटात लढतोय हे बाहेर बोलायची बंदी होती. युद्ध संपलं, पुरुषांना पदकं मिळाली आणि आम्हाला घरी जा म्हणाले. त्याचा राग मला अजून येतो.

बाही उसवताना कधी कोपरावर रफू सापडायचं. तिकडच्या कुणा आईचं, नाहीतर बायकोचं. इतकं सुबक की हात थांबायचा. ते मात्र आम्ही कधी उसवलं नाही. तुझ्या कोटात आहे का बघ. आणि नीट झोपत जा.

तुझी,
आत्या

दि. १७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सापडलं! अस्तराखाली, उजव्या कोपरावर. मी कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत बसले.

लढणारी बाई हातची गेली म्हणून आधी हिरमुसले, खोटं कशाला बोलू? साहेबांना सांगितलं तर ते लालबुंद झाले. शत्रूचा कोट आपल्या वीरांच्या दालनात नको, आत्ताच्या आत्ता काढा, म्हणाले. मी म्हटलं, काढते, पण मग बाकीचेही तपासू. आम्ही दोघांनी एकेक कपाट उघडलं. बटणं डावीकडे, पुन्हा डावीकडे, परत डावीकडे. साहेब मटकन खुर्चीत बसले. सगळे काढले असते तर दालनात नुसत्या काचा उरल्या असत्या!

आता पाटी बदलतेय. रफू दिसावं म्हणून बाही उलटी करून ठेवली आहे. कोट उलटवणाऱ्या म्हणून शिवणखान्यातल्या तुम्हा सगळ्यांची नावं लिहायची आहेत, आठवतील तेवढी कळव. उद्घाटनाला यायचंच. गुडघ्याची सबब चालणार नाही, मी स्वतः न्यायला येते.

पाटीवर तुमच्या नावांखाली ‘रफू करणारी’ असं लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे. साहेब विचारत होते, हे कधी भरणार? मी म्हटलं, तिकडून कुणी बघायला आलं आणि ते रफू ओळखलं तर.

माया आहेच, ती राहू दे.
तुझीच,
चौकशीबाई