लाल दिवा खोटा निघाला

राहाता, ऑक्टोबर १९७१, मंगळवार संध्याकाळ

आज आबांना सांगूनच टाकलं. गेल्या आठवड्यात मी विमान चालवत असताना उजव्या इंजिनाला आग लागल्याचा लाल दिवा लागला. धूर दिसत नव्हता, तापमानाचा काटाही जागेवर होता. तरी मी ते इंजिन बंद केलं आणि एकाच इंजिनावर उतरलो. खाली तपासल्यावर कळलं, नुसती वायर ओली झाली होती. बाकीचे वैमानिक हसले. मी भित्रा आहे का?

आबा म्हशीची धार काढत होते. "दिवा खोटा हाय, हे वर आसताना कळलं हुतं का?"

"नाही."

"मग बराबर केलंस. मानसं किती हुती?"

"चाळीस प्रवासी."

आबांनी ओल्या हातानंच माझा गाल धरला. "आन् येक माझा लेक."

तिथंच त्यांच्याजवळ बसून राहिलो.